फॉरमॅट मारायच्या आधी

स्क्रीनच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात १ जानेवारी २०१२ अशी तारीख दिसत होती आणि बाहेर मृगाचा पाऊस पडत होता. घर वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातलं. पोरगी नुकतीच बारावी झालेली, प्रवेशाचा फॉर्म भरायला दोन दिवस उरलेले. कोणतीही साइट उघडली की एकच पाटी यायची: 'युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट', म्हणजे तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही. बापानं गाडीवर सीपीयू बांधून तालुक्याला नेला आणि दोनदा फॉरमॅट मारून आणला. दोन्ही वेळा पहिल्या दिवशी नीट चालला, दुसऱ्या सकाळी पुन्हा तीच पाटी. त्या फॉरमॅटमध्ये आजोबांचे सगळे फोटो गेले. आजोबा त्याआधीच्या वर्षी वारले होते.

बिघाड ३०-४० रुपयांच्या सेलचा होता.

घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करणं हेच माझं काम आहे, आणि असं घर मी दरवर्षी बघतो. गेलेले फोटो मला परत आणून देता येत नाहीत. पण एरर आल्याबरोबर सीपीयू उचलून दुकानात न्यायच्या आधी घरातच काय काय बघावं, ते सांगता येतं. त्यासाठी शिक्षण लागत नाही, थोडी सवड लागते.

आधी त्या सेलचं. मदरबोर्डवर नाण्यासारखा चपटा सेल बसवलेला असतो. २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड, म्हणून त्याचं नाव सीआर २०३२. तीन व्होल्टचा. कॉम्प्युटर बंद असताना आतलं घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं मुख्य काम. त्या घड्याळात क्वार्ट्‌झचा बारीक स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, त्या थरथरीवर वेळ मोजली जाते. सेल संपला की घड्याळ थांबतं, आणि पुढच्या वेळी कॉम्प्युटर चालू केला की तो कंपनीनं भरून ठेवलेल्या कुठल्यातरी जुन्या तारखेपासून सुरुवात करतो. बहुतेकदा ती एखाद्या जुन्या सालातली १ जानेवारी असते.

आता तारखेचा आणि साइटचा संबंध काय? प्रत्येक सुरक्षित साइटजवळ एक प्रमाणपत्र असतं, आणि त्यावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' अशी मुदत असते. एसटीच्या पासवर असते तशीच. समजा पोरीचा पास खरा आहे, मुदतीतला आहे. पण कंडक्टरच्या हातातलं कॅलेंडरच २०१२ चं आहे. तो पास बघून म्हणणार, बाई, हा पास तर अजून सुरूच झाला नाही, उतरा खाली. पास खोटा नाही, कंडक्टरही आपलं काम चोख करतोय, कॅलेंडर तेवढं चुकलंय. साइट उघडून दाखवणारा ब्राउझर नेमकं हेच करतो. क्रोम तर कित्येकदा स्वतःच सांगतो, 'युवर क्लॉक इज बिहाइंड', तुमचं घड्याळ मागे आहे. पण एवढी मोठी पाटी दिसली की माणूस घाबरतो आणि पुढचं वाचत नाही.

फॉरमॅटनं एक दिवस काम का झालं, तेही यातूनच कळतं. दुकानदार फॉरमॅट मारताना तारीख नीट लावून देतो. घरी आणून चालू केला की पहिल्या दिवशी सगळं सुरळीत. संपत आलेला सेल वाटेतल्या थोड्या वेळापुरता तग धरतो, रात्रभर नाही. रात्री बोर्डावरचं बटन बंद केलं की सकाळी पुन्हा २०१२. फॉरमॅट हार्ड डिस्कवर होतो, घड्याळ मदरबोर्डवर असतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

आपल्याकडे हा सेल शहरातल्यापेक्षा लवकर का संपतो, याचंही सरळ कारण आहे. कॉम्प्युटर बंद असला तरी प्लगमध्ये करंट असेल, तर घड्याळ त्या करंटवर चालतं आणि सेलला आराम मिळतो. आपल्या घरात संध्याकाळी बोर्डावरचं बटन बंद होतं. बिलासाठी होतं, विजेच्या कडकडाटाच्या भीतीनं होतं, आणि ती भीती खरी आहे. त्यावर लोडशेडिंग. म्हणजे सेलला रोज रात्रभर राबावं लागतं. म्हणून बटन चालू ठेवा असं मी सांगणार नाही, सेल बदला असंच सांगेन. प्लग काढायचा, डाव्या बाजूचा पत्रा उघडायचा, सेलच्या कडेची बारीक चाप नखानं दाबायची, सेल उसळून वर येतो. नवा बसवताना अधिकची खूण वर. मग तारीख, साल, सकाळ-संध्याकाळ सगळं तपासायचं. नुसते तास-मिनिटं बघून चालत नाही. लॅपटॉप असेल तर स्वतः उघडू नका. आणि काढलेला सेल लहान लेकराच्या हाती लागू देऊ नका. गिळला तर अन्ननलिका जळते, जिवावर बेततं.

या सेलची आगाऊ सूचनाही मिळत असते. चालू करताना काळ्या पडद्यावर 'प्रेस एफ-वन टू कंटिन्यू' येतं. एका घरी मी विचारलं, हे कधीपासून येतं? तर उत्तर आलं, "तो तर रोजच दाबा लागते ना भाऊ, त्याशिवाय सुरूच नाही होत." दोन वर्षं त्या घरात सकाळी एफ-वन दाबणं हा कॉम्प्युटर चालू करण्याचाच भाग झाला होता.

एक गोष्ट मी प्रत्येक घरी सांगतो. एररची पाटी कॉम्प्युटर कुठे अडला तेवढंच सांगते. तो कशानं अडला, हे तिला ठाऊकच असेल असं नाही. बैल बांधावर अडला म्हणून दोष बांधाचाच असतो असं नाही, खुरात काटाही असू शकतो. पाटीवर 'नेटवर्क' लिहिलंय म्हणून नेटवाल्याला फोन करण्याआधी घड्याळ, वायर, करंट, धूळ आणि कीबोर्ड या पाच ठिकाणी नजर टाकावी.

दुसरी तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकतो: "दुकानात चांगला चालते जी, घरी आनला का बंद पडते." हे सांगताना माणूस ओशाळतो, जणू आपल्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. पण हे वाक्य मला सगळ्यात जास्त कामाचं वाटतं. दुकानात आणि घरात काय वेगळं आहे? डबा तोच, विंडोज तेच. वेगळं आहे ते घरातलं वातावरण, घरातला करंट आणि मागे जोडलेल्या वायरी. म्हणजे निम्मा शोध तिथेच लागला.

कापसाचंच घ्या. वेचणी झाली की भाव येईपर्यंत कापूस घरात राहतो. कित्येक घरांत समोरच्या खोलीत आढ्यापर्यंत गंजी लागलेली असते आणि तिच्याच बाजूला पोराचा कॉम्प्युटर. एका घरी तक्रार होती की पंधरा-वीस मिनिटं चालतो आणि धाडकन बंद पडतो. ॲन्टिव्हायरस विकत घेऊन झाला होता. मी पत्रा उघडला. प्रोसेसरवरचा पंखा फिरत होता, वरून सगळं साफ दिसत होतं. चार स्क्रू सोडून पंखा उचलला तर खाली ॲल्युमिनियमच्या पाकळ्या दिसेनात. त्यांच्यावर कापसाच्या तंतूंचा आणि धुळीचा थर बसला होता, गादीतल्या जुन्या कापसासारखा, करडा आणि घट्ट. चिमटीत धरला तर अख्खा तुकडा निघाला, चौकोनी, पंख्याच्याच मापाचा. पंखा हवा ढकलत होता, पण ती पाकळ्यांपर्यंत पोचतच नव्हती.

प्रोसेसर तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो. त्यालाच आपण 'हँग मारते' म्हणतो. तरीही तापत राहिला तर १०० अंशांच्या आसपास तो जीव वाचवायला कॉम्प्युटर बंद करून टाकतो. व्हायरस असा वेळेवर, गरम झाल्यावरच, बंद पाडत नाही. त्यात आपला मे महिना. पंखा खोलीतलीच हवा फेकतो, तो काही कूलर नाही; खोलीत ४२ अंश असतील तर प्रोसेसर त्याखाली जाऊच शकत नाही. थर नसलेल्या मशीनलाही उन्हाळा जड जातो. म्हणून दिवाळीनंतर एकदा आणि उन्हाळ्याआधी एकदा पत्रा उघडून मऊ ब्रशनं साफ करा. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवा, भरभर फिरू देऊ नका. ओलं फडकं नको. आणि माऊलीनं हौसेनं भरतकाम करून जे कव्हर केलंय, ते कॉम्प्युटर चालू असताना पूर्ण काढून ठेवा. चालू मशीनवर मागून झाकलेलं कव्हर मी कितीदा तरी पाहिलंय.

गाडीवरून नेताना काय होतं, तेही बघा. खड्ड्यांतून सीपीयू दुकानात पोचतो, धक्क्यांनी रॅमची, म्हणजे मेमरीची, पट्टी हलते, अडलेला संपर्क जुळतो आणि मशीन चालू होतं. परत येताना तेच धक्के, तोच संपर्क पुन्हा तुटतो. पावसाळ्याच्या दमट हवेत रॅमच्या सोनेरी दातांवर मळाचा पातळ थर बसतो. चालू केल्यावर स्क्रीन काळी आणि आतून बीप-बीप आवाज, ही त्याची खूण. प्लग काढून पट्टी बाहेर घ्या, शाळेतल्या खोडरबरानं दात हलके घासा, भुगा झटका आणि दोन्ही टोकांना 'टक' असा आवाज येईपर्यंत दाबून बसवा. या रबरानं मी जितके कॉम्प्युटर उठवलेत तितके दुसऱ्या कशानंही नाही.

करंटचा भाग थोडा समजून घेण्यासारखा आहे. घरात २३० व्होल्ट यायला हवेत. पण शेतीच्या लाइनला थ्री-फेज आली की ऑटोवर ठेवलेल्या सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात, आणि मोटर सुरू होताना चालताना लागते त्याच्या कित्येक पट वीज ओढते. त्या क्षणी अख्ख्या गावाचा दाब खाली बसतो. बल्ब मिणमिणतो आणि परत उजळतो. कॉम्प्युटर तेवढ्यात रिस्टार्ट होतो. एका घरी मी पोराला सांगितलं, आठ दिवस वहीत वेळ लिही, कधी बंद पडतो ते. आठवड्यानं वही बघितली तर सगळ्या वेळा लाइन येण्या-जाण्याच्या वेळांशी जुळत होत्या. वही आणि पेन हे दुरुस्तीचं खरं हत्यार आहे, पण तिकडे कुणाचा हात जात नाही.

"पण आमच्याकडे यूपीएस आहे" असं इथे हमखास ऐकायला मिळतं. यूपीएसच्या आत १२ व्होल्टची बॅटरी असते, आणि उष्णता ही तिची वैरीण. साधारण २५ अंशांच्या वर दर १० अंशांना तिचं आयुष्य निम्मं होतं असा हिशोब धरतात. विदर्भाच्या उन्हात पत्र्याखालच्या खोलीत ती दोन-तीन वर्षांत संपली तर नवल नाही. संपली तरी यूपीएसचा हिरवा दिवा लागतोच, कारण तो भिंतीतल्या करंटवर लागतो. तपासायचं सोपं आहे. कामाच्या सगळ्या फाइल बंद करा आणि यूपीएसचं भिंतीवरचं बटन बंद करा. कॉम्प्युटर त्याच क्षणी गेला तर तो यूपीएस आता नुसता एक्स्टेन्शन बोर्ड आहे.

काही गोष्टी तर एका ओळीत सांगण्यासारख्या आहेत. 'नो बूटेबल डिव्हाइस' (सुरू व्हायला डिस्क सापडत नाही) आलं की पुढे-मागे पेनड्राइव्ह लावलेला राहिलाय का ते बघा. कॉम्प्युटर त्याच्यातून सुरू व्हायचा प्रयत्न करत असतो. पासवर्ड बरोबर असून चुकीचा म्हणतोय? कॅप्स लॉक बघा, नम लॉक बघा, आणि कीबोर्ड मराठीवर गेलाय का ते बघा. विंडोजचं बटन आणि स्पेसबार एकत्र दाबलं गेलं की भाषा बदलते, आणि पासवर्डच्या जागी फक्त ठिपके दिसतात म्हणून ते कळत नाही. टाइप करताना पुढची अक्षरं खाल्ली जात असतील तर इन्सर्टचं बटन दाबलं गेलंय. एक्सेलमध्ये बाणांनी चौकट सरकायच्या ऐवजी अख्खं पान सरकतंय, तर स्क्रोल लॉक. वायरलेस माउस अडखळतोय आणि बाजूला यूएसबी ३.० ची बाहेरची हार्ड डिस्क आहे, तर दोघांना लांब करा. त्या डिस्कच्या वायरीतून निघणारा गोंगाट माउसच्याच २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरींत घुसतो. पावसाळ्यात प्रिंटर कागद अडकवतोय, तर आधी कागदाचा गठ्ठा बदला, ओल धरलेला कागद वाकतो.

'बंद करून चालू केलं, तरी तेच' असं म्हणणाऱ्यांसाठी मात्र एक ओळ पुरत नाही. विंडोज ८ पासून 'शट डाउन' म्हटलं की कॉम्प्युटर पुरता बंद होत नाही. लवकर चालू व्हावा म्हणून तो आतल्या गाभ्याची अवस्था डिस्कवर लिहून ठेवतो आणि सकाळी तीच उचलतो. म्हणजे कालचा गोंधळही उचलतो. 'रिस्टार्ट' केलं तर मात्र सगळं नव्यानं सुरू होतं. वाचायला उलटं वाटतं, पण खरं आहे: बिघाड झाला तर बंद-चालू करू नका, रिस्टार्ट करा.

ग्रामपंचायतीत आणि शाळांमध्ये दिसणारा आणखी एक प्रकार. पेनड्राइव्हवर दाखला आणला, घरी उघडला तर इंग्रजी अक्षरांचा कचरा. लगेच 'व्हायरस लागला' म्हणून फाइल पुसली जाते. बहुतेक वेळा ती फाइल अगदी धडधाकट असते. कृती देवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये 'कागद' लिहिलं तर कॉम्प्युटरच्या लेखी ती डी, के, एक्स, एन ही चार इंग्रजी अक्षरं असतात. फॉन्ट फक्त त्यांना क, काना, ग, द असं रूप देतो. घरच्या मशीनवर तो फॉन्ट नाही, म्हणून अक्षरं आपल्या मूळ रूपात दिसतात. तो फॉन्ट टाकला की दाखला जसाच्या तसा. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक असतो, त्यात लिहिलेल्या मराठीला ही अडचण येत नाही, म्हणून नवं लिखाण युनिकोडमध्येच करा असा माझा आग्रह असतो.

अर्थिंगचं मुद्दाम शेवटी ठेवलंय, कारण ते कॉम्प्युटरपुरतं राहत नाही.

तक्रार अशी येते. लॅपटॉप चार्जिंगला लावला की माउसचा बाण आपोआप उड्या मारतो, चार्जर काढला की शांत. किंवा कॉम्प्युटरच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या येतात. विचारलं की उत्तर ठरलेलं, "झटका नाही जी, थोड्या मुंग्या येतात. पोराइले सांगतलं, चप्पल घालून बसत जा."

त्या मुंग्यांचं कारण असं. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये करंटमधला गोंगाट गाळायला दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून पत्र्याला, दुसरा न्यूट्रलकडून पत्र्याला जोडलेला. त्यांच्यातून झिरपणारा अगदी बारीक करंट तिसऱ्या पिनेतून जमिनीत जायचा असतो. तिसरी पिन जिवंत नसेल तर पत्रा अधांतरी राहतो आणि त्याच्यावर साधारण निम्मा दाब, ११५ व्होल्टच्या आसपास, चढतो. करंट फार थोडा म्हणून एवढ्यानं जीव जात नाही, नुसत्या मुंग्या येतात. टेस्टर लावला तर पेटतो. पॉवर सप्लाय बिघडलेला नसतो, तो बदलून काही होत नाही. मी तीनदा बदललेला पाहिलाय.

पण त्या मुंग्यांचा अर्थ असा की त्या बोर्डाला अर्थिंगच नाही. आणि बहुतेक घरांत त्याच बोर्डावर उन्हाळ्यात कूलर लागतो. लोखंडी टाकी, आत पाणी, पाण्यात बुडालेली मोटर, आणि पाणी भरायला अनवाणी, ओल्या हातानं जाणारी घरातली बाई किंवा लेकरू. कूलरमध्ये फेजची वायर सोलली गेली तर तिथे नुसत्या मुंग्या येत नाहीत, जीव जातो. दर उन्हाळ्यात अशा बातम्या आपण वाचतो. कॉम्प्युटरचा पत्रा कित्येक महिने आधी तेच सांगत असतो.

म्हणून आधी प्लग बघा. तिसरी जाड पिन तोडून दोन पिनांच्या बोर्डात घुसवलेली नाही ना? मग वायरमन बोलवा आणि तुमच्यासमोर अर्थिंग तपासून घ्या. कुणी 'न्यूट्रलच अर्थला जोडून देतो' म्हणालं तर ठाम नाही म्हणा. न्यूट्रल कुठे तुटला तर अख्खे २३० व्होल्ट पत्र्यावर येतात. आणि अर्थिंगचा खड्डा बघा. आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ओल गेली, माती रॉडपासून सुटली, की जुलैत चांगलं असलेलं अर्थिंग एप्रिलमध्ये नावापुरतं उरतं. त्यात कोळसा-मीठ आहे का, ओल आहे का ते पाहा, आणि गुढीपाडव्यापासून पाऊस येईपर्यंत आठवड्याला दोन बादल्या पाणी ओता. सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की लाइन तोडणारा स्विच, बसवला तर त्याहून चांगलं.

गेल्या एप्रिलमध्ये अशाच एका घरी वायरमननं बोर्ड उघडला तेव्हा अर्थची हिरवी वायर मागे गुंडाळी करून ठेवलेली होती, कशालाच जोडलेली नव्हती. घर बांधल्यापासून तशीच. ती जोडली, खड्ड्यात पाणी टाकलं. पोरानं अनवाणी पायानं पत्र्यावर अख्खा पंजा ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिला. मुंग्या नव्हत्या. मग त्याची आई उठली, कूलरचं बटन बंद केलं, प्लग काढून हातात घेतला आणि त्याला तिसरी पिन आहे का ते खिडकीच्या उजेडात निरखून बघू लागली.